हौद हिरवा का होत होता

मे २०२०. टाळेबंदीत हाताला काम नव्हतं आणि शेततळ्याच्या अस्तराचा ५०० मायक्रॉनचा तुकडा गोठ्यामागे पडून होता. आमचं घर नारायणगावजवळ, विहिरीला लागूनच टोमॅटोचं रान. अंगणात आठ बाय पाच फुटांचा, दोन फूट खोल खड्डा खणला, अस्तर अंथरलं आणि मोटर चालू केली. सव्वादोन हजार लिटर पाणी. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. जुन्नर-आंबेगावात कुणाचे पत्रे गेले, कुणाचं पॉलिहाउस. आमच्या हौदात नुसता पाला भरला. तो उपसून, दुकानं उघडल्यावर बारा गोल्डफिश आणले. इथेच पहिली चूक झाली, एवढ्या पाण्याला चार पुरे होते.

पंधरा दिवसांत पाणी मुगाच्या सालीसारखं हिरवं झालं. पावसाळ्यात ढगांमुळे जरा निवळलं, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा तेच. मासे आहेत की नाहीत हे खाणं टाकल्यावरच कळायचं.

२०२१ हे वर्ष घासण्यात गेलं. दर रविवारी मासे पिंपात, हौद रिकामा, खराट्यानं अस्तर चकचकीत, वर विहिरीचं ताजं पाणी. बुधवारी तळ अंधुक, पुढच्या रविवारी गायब. शेजारी हसायचे, आणि बरोबरच हसायचे. रानात टाकलेलं खत पाझरून विहिरीत उतरतं, म्हणजे मी आठवड्याला शेवाळाला नवा खुराक देत होतो. शिवाय माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू भिंतींवर आणि गाळात वाढतात. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात, मी त्यांना सातच दिवस देत होतो.

पावसात मातीनं गढूळ झालेल्या पाण्यात मात्र तुरटी फिरवली की सकाळी ते निवळायचं. म्हणून वाटलं, हिरव्यावरही चालेल. नाही चालली. आमच्याकडची माणसं निवळीच्या बिया उगाळायची, त्याही मातीसाठीच. हिरवं पाणी म्हणजे मळ नव्हे, ती जिवंत वाढ असते.

मग २०२२चा एप्रिल, त्याचा उल्लेख टाळता आला असता तर टाळला असता. द्राक्षांच्या मुलखात बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरोघरी असतो. कुणीतरी म्हणालं, शेततळ्यात ठिबकचा फिल्टर तुंबायला लागला की टाकतात. मी संध्याकाळी अंदाजानं चिमूटभर टाकला, मग आणखी एक चिमूट. पहाटे मासे तोंडं वर काढून धापा टाकत होते. मोरचुदातल्या तांब्यानं कल्ले होरपळले होते आणि मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खात होतं. दुपारपर्यंत सात मासे गेले. पाणी मात्र तीन दिवसांनी काचेसारखं झालं.

त्यानंतर सहा महिने हौदाकडे पाहिलंच नाही. पाहुण्यांबरोबर शिवनेरीवर गेलो, तेव्हा गंगा-जमुना टाक्यांपाशी थांबलो. कातळाच्या पोटात, सावलीत, गार, नितळ पाणी. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत अशा टाक्याला पोढी म्हणतात. इरिल नावाच्या एका यवनानं दोन पोढ्या दान दिल्याचा लेख जुन्नरमध्येच आहे. ही टाकी कुणी दर रविवारी घासत नसणार. ऊन आत शिरत नाही आणि खतही उतरत नाही, एवढंच.

२०२३च्या जानेवारीत तेच केलं. हौदाच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागावर शेडनेट ताणलं, उघड्या भागात कुमुदाच्या दोन कुंड्या ठेवल्या. जलपर्णी कुणी फुकट देऊ केली होती, ती घेतली नाही. नदीत तिचं काय होतं ते पाहिलंय. जिवाणूंना घर मिळावं म्हणून बादलीत गोटे आणि कांद्याच्या गुंडाळलेल्या जाळीदार गोण्या भरल्या, छोट्या पंपानं पाणी त्यातून फिरवलं. गोण्या धुवायच्या त्या हौदाच्याच पाण्यात. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. पाणी बदलायचं ते आठवड्याला आठ-दहा बादल्या.

पहिले पाच आठवडे काहीच झालं नाही. पंप बंद करून टाकावा, इथपर्यंत आलो होतो. सहाव्या आठवड्यात एका सकाळी कुंडीखालची वीट दिसली, मग तिच्यावरचा भट्टीचा शिक्का. भिंतींवर हिरवी मखमल राहिली, ती अजूनही आहे. मासे ती चरतात आणि मी खराटा लावत नाही.

मे २०२५मध्ये विहीर खाली गेली, टँकर आणावा लागला. क्लोरिन उडावं म्हणून ते पाणी दोन दिवस उघड्या पिंपात ठेवलं आणि रोज दोन-दोन बादल्या सोडलं. एकही मासा गेला नाही. जुने पाच आहेत, सगळ्यात मोठा वीतभर. खंड्या रोज तारेवर येऊन बसतो. शेडनेट तेवढं तीन उन्हाळ्यांत विरलंय, ते दिवाळीआधी बदलायचं आहे.