विहिरीचे पाणी आणि नायट्राइट

पाणी नितळ दिसते, चवीला गोड लागते, म्हणून ते निर्दोष असतेच असे नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात भूजलात नायट्रेटचे प्रमाण अधिक आढळलेल्या देशातील 15 जिल्ह्यांची नोंद आहे. त्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड व जळगाव यांच्यासह यवतमाळचाही समावेश आहे. कापूस, तूर व सोयाबीन पिकविणाऱ्या घाटंजी तालुक्यातील गावांनीही या नोंदीचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

नायट्रेट येते कोठून?

युरियासारख्या नत्रयुक्त खतांचा पिकांनी न घेतलेला अंश पावसाबरोबर जमिनीत झिरपतो. विहिरीलगतचे उकिरडे, गोठे, शौचालयांचे खड्डे आणि तुंबलेली गटारे त्यात भर घालतात. नायट्रेटला रंग, वास नसतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे.

रक्तावर होणारा परिणाम

शरीरातील जीवाणू नायट्रेटचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटमुळे रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहाचे स्वरूप बदलते व ते प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ ठरते. सहा महिन्यांखालील अर्भकांच्या शरीरात हा बदल उलटविणारे विकर अपुरे असल्याने त्यांना धोका अधिक असतो. ओठ व नखे निळसर पडतात आणि श्वास जलद होतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतावरील विहिरीचे पाणी दिलेल्या बालकांमध्ये हा विकार आढळल्याचे डॉ. कॉमली यांनी 1945 साली प्रसिद्ध केले.

औषध तेच, विषही तेच

नायट्राइटच्या कुळातील अमाइल नायट्राइट हे बाष्पशील द्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बालार यांनी 1844 मध्ये तयार केले. ते रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून 1867 मध्ये एडिंबरोच्या लॉडर ब्रंटन यांनी हृदयशूळावर त्याचा उपयोग केला. सायनाइडच्या विषबाधेतही ते उतारा म्हणून वापरले गेले. कारण बदललेले हिमोग्लोबिन सायनाइडला बांधून ठेवते. जो गुण तेथे प्राण वाचवितो, तोच अर्भकाच्या जिवावर बेततो. काही देशांत अशा द्रव्यांच्या बाटल्या नशेसाठी विकल्या जातात. त्यातील द्रव पोटात गेल्यास मृत्यूही ओढवू शकतो.

उपाय

पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही; उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. ब्लीचिंग पावडर जंतू मारते, नायट्रेट काढत नाही. म्हणून ग्रामपंचायतींनी प्रत्येक विहीर व हातपंपाचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. जलसुरक्षक व भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे साहाय्य त्यासाठी उपलब्ध आहे. दूषित स्रोतावर ठळक फलक लावून पिण्यासाठी पर्यायी पाणी पुरवावे. उकिरडे विहिरीपासून दूर हलवावेत. माती परीक्षणानुसार, हप्त्याहप्त्याने खत दिल्यास खर्चही वाचतो.

पहिले सहा महिने केवळ स्तनपान, हे अर्भकाचे उत्तम संरक्षण होय. मूल निळसर दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे मिथिलीन ब्ल्यू हे औषध शिरेतून देऊन उपचार करता येतो. अंगणवाडी सेविका व शिक्षकांनी ही माहिती घरोघर पोहोचविली, तर गावाच्या विहिरीवरील विश्वास डोळस होईल.