घरांतील सायकल आणि रस्त्यावरील सायकल

गेल्या पावसाळ्यांत एका विद्यार्थ्याचे वडील शाळेंत आले व म्हणाले, "सर, रहदारी पाहिली म्हणजे मुलाला सायकलीवरून बाहेर पाठविण्याचा धीर होत नाहीं. त्यापेक्षां घरांत चालविण्याचें यंत्र घेऊन दिलें तर काय वाईट? व्यायाम तर तोच ना?" प्रश्न साधा होता, परंतु त्यामागील काळजी खरी होती. त्या वेळीं मीं घाईंत दिलेलें उत्तर माझें मलाच अपुरें वाटलें. म्हणून त्या प्रश्नाचा येथें सावकाश विचार करण्याचें योजिलें आहे.

एका जागीं स्थिर असलेली सायकल ही कांहीं आजची कल्पना नव्हे. १९१२ सालीं बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरील व्यायामशाळेंतही अशा सायकली होत्या. पुढच्याच वर्षीं डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनीं विद्युच्चुंबकानें रोध उत्पन्न करणारी सायकल तयार केली. स्नायू किती काम करितात याचें अचूक मापन करणें हा तिचा हेतु होता. आजच्या यंत्रांतही चुंबक, घर्षण किंवा पंखा यांपैकीं एखाद्या साधनानेंच पायांना रोध मिळतो.

रस्त्यावर हा रोध निराळ्या कारणांनीं उत्पन्न होतो. तेथें स्वाराला चाकांचें घर्षण, चढ आणि हवा या तिघांशीं झगडावें लागतें. सपाट रस्त्यावर वेग वाढला कीं हवा हीच मुख्य प्रतिस्पर्धी ठरते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं १५ किलोमीटरांऐवजीं ३० किलोमीटर वेगानें जावयाचें म्हटलें, तर हवेचा रोध चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति आठपट होते! पुढच्या स्वाराच्या पाठीशीं राहून चालणारा गडी कमी दमतो, तो याच कारणानें.

पण हीच हवा स्वाराची मित्रही आहे. आपण खर्चिलेल्या शक्तीपैकीं सुमारें एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी भाग पायटे फिरविण्यास लागतो. बाकीची उष्णता होते. रस्त्यावर समोरून येणारा वारा घाम वाळवितो व शरीर थंड राखतो. बंद खोलींत वारा नाहीं, म्हणून घाम नुसता निथळतो, नाडी अधिक जलद चालते आणि तेवढ्याच श्रमानें मनुष्य लवकर थकतो. आमच्याकडील पावसाळी दमट हवेंत तर हें फारच जाणवतें. यास्तव घरीं यंत्र चालविणाऱ्यानें खिडकी उघडी ठेवावी, समोर पंखा लावावा व पाणी जवळ ठेवावें. हे सोपस्कार नव्हेत, ही गरज आहे.

यंत्राचा मोठा गुण म्हणजे अखंडता. रस्त्यावर उतार येतो, सिग्नल येतो, गाय आडवी येते, आणि पाय थांबतात. यंत्रावर उतार नाहीं. अर्धा तास म्हणजे खराच अर्धा तास. शिवाय श्रमाचें माप ठरवून घेतां येतें. याचें एक बोलकें उदाहरण ऑस्ट्रेलियाचे मॅथ्यू हेमन यांचें आहे. २०१६ सालच्या फेब्रुवारींत एका शर्यतींत पडून त्यांचा हात मोडला. रस्त्यावर जाणें अशक्य झालें, तेव्हां ते कित्येक आठवडे घरांत यंत्रावरच सराव करीत राहिले; आणि त्याच वर्षीं १० एप्रिल रोजीं त्यांनीं फ्रान्समधील पॅरिस–रूबे ही दगडी रस्त्यांची अतिकठीण शर्यत जिंकली.

तथापि या कथेंतून चुकीचा बोध घेऊं नये. हेमन यांच्यापाशीं रस्त्याचा अनेक वर्षांचा अनुभव होता. यंत्रानें त्यांची शक्ति टिकविली. कौशल्य त्यांनीं पूर्वींच रस्त्यावर मिळविलें होतें. यंत्राची सायकल पक्की जखडलेली असते, म्हणून ती तोल शिकवूं शकत नाहीं. आपण डावीकडे वळतों तेव्हां हँडल प्रथम क्षणभर किंचित् उजवीकडे जातें. त्यामुळें सायकल डावीकडे कलते आणि मग वळण घेतें. हें ज्ञान पुस्तकांतून किंवा खोलींत येत नाहीं, अंगीं मुरावें लागतें. तसेंच ब्रेकचें. ब्रेक दाबतांच भार पुढच्या चाकावर येतो. पुढचाच ब्रेक एकदम आवळला तर स्वार डोक्यावरून पालथा होण्याचें भय असतें, आणि ओल्या रस्त्यावर थांबण्यास अधिक अंतर लागतें. मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज ओळखणें, उभ्या मोटारीचें दार अचानक उघडेल हें ध्यानीं ठेवणें, खड्डा दिसतांच मागें पाहून मगच बाजूला होणें, हे धडे रस्ताच देतो.

म्हणून पालकांस माझी विनंति अशी कीं, यंत्र अवश्य घ्यावें; पावसांत, परीक्षेच्या दिवसांत किंवा दुखण्यांतून उठल्यावर तें फार उपयोगी पडतें. परंतु मुलाला रस्त्यापासून कायमचें दूर ठेवण्यासाठीं तें घेऊं नये. आज ना उद्यां त्याला रस्त्यावर जावेंच लागेल. त्या दिवशीं त्याचे पाय बळकट आणि नजर मात्र अडाणी असेल, तर तें बळच त्यास घातक होईल; कारण वेग त्याच्या हातीं असेल, पण वेग आवरण्याची कला नसेल. सुटीच्या दिवशीं भल्या सकाळीं, रहदारी सुरू होण्यापूर्वीं, डोक्यावर शिरस्त्राण घालून त्याला बाहेर न्यावें, आणि शक्य असेल तर आपणही दुसरी सायकल घेऊन त्याच्या मागें असावें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसही एक शब्द. घरांतील यंत्रावर किती किलोमीटर झाले याचा आंकडा सांगतांना छाती फुगते, हें मी जाणतों. तो आंकडा तुमच्या श्रमाचा आहे, त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण चौकांत एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थांस रस्ता ओलांडतां यावा म्हणून तुम्हीं वेळीं सायकल थांबविली, तर त्याचा आंकडा कोठेंच उमटत नाहीं. आणि तुम्हांला सायकल येते असें मी त्या दिवशीं म्हणेन.