ताटीआड कोंडलेला राग

आदिलाबाद जिल्ह्यातल्या भीमपूरच्या उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, बाकीचं आदिलाबाद तेलुगू राज्यात राहिलं. राज्यं बदलली, तरी या काठच्या कितीतरी घरांत मराठी टिकली. तुराटी-पऱ्हाटीचे कूड पाहिलेल्या या कापसाच्या मुलखात मुक्ताईचे ताटीचे अभंग वाचावेत. शहरातला वाचक ताटी म्हणजे भक्कम कवाड समजतो आणि तिथेच कविता हुकते.

ताटी बांबूच्या कामट्यांची. फटींतून उजेड, धूर, बोलणं सगळं आरपार जातं. दोरीनं अडकवलेली ती वस्तू जरा जोर लावला तर बाजूला होते. म्हणजे मुक्ताईला आत शिरणं मुळीच अवघड नव्हतं. तरी ती बाहेर उभी राहून आत बसलेल्या भावाला, ज्ञानेश्वरांना, विनवत राहते. दार ज्याचं त्यानंच काढायचं, ही या अभंगांतली खरी अट आहे.

परंपरा सांगते, भिक्षेला गेलेल्या ज्ञानेश्वरांचा कुणीतरी अपमान केला आणि ते झोपडीत ताटी लावून बसले. रागाला कारण होतं. वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले, म्हणून समाजानं कुटुंब वाळीत टाकलं. आईवडिलांनी देह टाकला, तरी पोरांचा छळ संपला नाही. अशा भावाला चार वर्षांनी धाकटी बहीण सांगते, की जग आग झालं तर संतानं पाणी व्हावं. आपल्याच दातांखाली जीभ सापडली म्हणून कुणी दात पाडत नाही. दुखावणाराही आपलाच, हे एवढ्या साध्या दाखल्यात तिनं बसवलं.

इथे मला विल्यम ब्लेक आठवतो. त्याच्या 1794 च्या ‘अ पॉयझन ट्री’मध्ये मित्रावरचा राग बोलल्यावर मावळतो, शत्रूवरचा न बोलता जपलेला राग मात्र अश्रूंचं पाणी आणि हसण्याचं ऊन घेऊन झाड होतो, त्याला चकचकीत फळ धरतं. हस्तलिखितात या कवितेला त्यानं ‘ख्रिस्ती सहनशीलता’ अशा अर्थाचं शीर्षक दिलं होतं. टोमणा उघड आहे: गोड चेहऱ्यानं सोसणं हेच त्या झाडाचं खत.

मग मुक्ताईही सोसायलाच सांगते ना? सांगते, आणि नुसता उपदेश उचलून घेतला तर तो दुबळ्याला गप्प बसवायच्या कामी येतो. तसा तो वापरलाही जातो. पण तिचं प्रत्येक समजावणं ताटी उघडण्याच्या विनवणीवर येऊन थांबतं. आत बसून सोसण्याला ती क्षमा मानत नाही. ब्लेकचा माणूस हसतमुखानं चारचौघांत वावरतो. त्याच्या दाराशी कुणी बहीण नाही, कारण त्याचं दार बंद आहे हे कुणाला दिसतच नाही. ज्ञानेश्वरांचा रुसवा निदान दिसतो तरी, म्हणून त्याच्याशी बोलता येतं.

याच ज्ञानेश्वरांनी 1290 साली नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण केली. शेवटच्या पसायदानात ते दुष्टांचा नाश मागत नाहीत. त्यांचा वाकडेपणा जावो आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागो, एवढंच मागतात. ब्लेकच्या बागेत मात्र सकाळी शत्रू झाडाखाली मरून पडलेला असतो, आणि बोलणारा ते बघून खूश होतो.