सौर पंपाचा जळालेला सर्किट बोर्ड : दुरुस्ती कशी करावी व केव्हा करू नये

मोटेच्या काळी नाडा तुटला तर तो गावातच वळला जाई, आणि चाक मोडले तर सुतार ते दुपारपर्यंत नीट करून देई. पुढे ऑइल इंजिने आली, मग विजेच्या मोटारी आल्या. त्यांचीही दुरुस्ती तालुक्याच्या गावी होऊ लागली. आता सौर पंपांचे दिवस आले आहेत. २०१९ साली केंद्र सरकारची कुसुम योजना सुरू झाली व २०२४ साली राज्य सरकारने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना काढली. त्यायोगे यवतमाळ जिल्ह्यातील अनेक विहिरींवर सौर पट्ट्या दिसू लागल्या. या पंपाचे सारे चलनवलन कंट्रोलर नावाच्या पेटीतील एका सर्किट बोर्डावर अवलंबून असते. हरभरा फुलोऱ्यात असता किंवा गव्हाला पाणी देण्याची वेळ आली असता हा बोर्ड जळाला, तर विहिरीत पाणी असून पीक सुकते. नवा कंट्रोलर महाग पडतो आणि तो येईपर्यंत पाण्याची पाळी टळून जाते. यास्तव जळालेला बोर्ड सुटे भाग बदलून पुन्हा चालू करता येतो काय, या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

उत्तर थोडक्यात असे की, पुष्कळ वेळा करता येतो. परंतु जळालेला भाग काढून तेथे नवा बसविला म्हणजे दुरुस्ती झाली, ही समजूत चुकीची आहे. आगीने मागे ठेवलेली काजळी व कोळसा हाच खरा शत्रू होय. तो निपटून काढल्यावाचून केलेली दुरुस्ती दुसऱ्या आगीची तयारी ठरते.

प्रथम एक व्यावहारिक सूचना. वरील योजनेतील पंपांस पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते. ती मुदत चालू असेल तर पेटीचे सील मुळीच तोडू नये; बिघाडाची तारीख, पेटीवरचा क्रमांक व छायाचित्रे घेऊन पुरवठादाराकडे लेखी तक्रार द्यावी. पुढील विवेचन हमी संपलेल्या पंपांसाठी व बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिरांसाठी आहे. ज्यास मल्टीमीटर हाताळता येत नाही त्याने ते समजून घेण्यापुरतेच वाचावे, म्हणजे आपल्या बोर्डावर योग्य काम होते आहे की नाही हे त्यास पाहता येईल.

जिवाची काळजी

सौर पट्टीला बटन नसते. ऊन आहे तोवर तिच्यातून वीज निघतच राहते. दहा पट्ट्या एकापुढे एक जोडल्या आणि प्रत्येकीचा दाब ४५ व्होल्ट धरला, तर टोकांशी ४५० व्होल्ट होतात, आणि हा डी.सी. दाब असतो. घरच्या ए.सी. विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून तिची ठिणगी विझण्याचा संभव असतो, डी.सी.चा प्रवाह शून्यावर येत नाही, म्हणून तिची ठिणगी पेटलेलीच राहते. याच कारणाने पंप चालू असता पट्टीचे जोड कधीही ओढून सोडवू नयेत. आधी आयसोलेटर बंद करावा. तो बंद केला तरी पट्टीपासून आयसोलेटरपर्यंतची तार जिवंतच असते. म्हणून काम पहाटे वा सूर्यास्तानंतर करावे, नाही तर पट्ट्या जाड ताडपत्रीने पूर्ण झाकाव्यात. पेटी पेटली असता तिच्यावर पाणी टाकू नये. कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरावे.

पेटी उघडल्यावरही धोका संपत नाही. आतील मोठे कपॅसिटर वीज साठवून ठेवतात. निदान दहा मिनिटे थांबून त्यांच्या टोकांवरील दाब मोजावा. दाब शिल्लक असेल तर १०० वॅटचे दोन जुने तारेचे बल्ब एकापुढे एक जोडून त्यांतून तो उतरवावा. पेचकस आडवा लावून ठिणगी काढण्याची काही कारागिरांस सवय असते. ती डोळ्यांस व बोर्डास सारखीच घातक आहे.

बोर्ड का पेटतो

बोर्ड म्हणजे काचतंतूंचे कापड इपॉक्सी राळेत घट्ट करून केलेली पाटी. तिच्यावर तांब्याच्या पातळ रेघा असतात. त्यांची जाडी साधारणतः ३५ मायक्रॉन व जास्त प्रवाहाच्या बोर्डावर ७० मायक्रॉन असते. राळ जळाली की तिचा कोळसा होतो. चांगली राळ वीज अडविते, कोळसा मात्र ती वाहू देतो. त्यामुळे दोन रेघांमधील काळा डाग हीच विजेची नवी वाट बनते.

आगीचे सर्वांत नेहमीचे कारण ढिला स्क्रू हे होय. जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर त्या एका टोकावर ५० वॅट उष्णता निर्माण होते. दुकानातील साधी सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते, यावरून वाचकांनी कल्पना करावी. आपल्याकडील उन्हाळा, पेटीत शिरलेली धूळ, मुंग्या आणि पाली, वळवाच्या पावसातील विजांचे धक्के ही इतर कारणे आहेत. आणि फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार बांधणे, हे कारण तर आपण स्वतःच निर्माण करतो. कारण सापडल्यावाचून एकही नवा भाग बसवू नये.

सफाई व कोरणे

तारांवरील पी.व्ही.सी. जळाले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि हवेतील ओलाव्याशी मिळून त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. ते तांब्यावर बसते व थोड्याच दिवसांत हिरवा गंज चढवते. म्हणून बोर्ड पुढे पाहू म्हणून पडवीत टाकून देऊ नये. सफाई एक-दोन दिवसांतच करावी. प्रथम कोरड्या मऊ ब्रशाने काजळी झाडावी. नंतर डिस्टिल्ड पाण्यात थोडा सौम्य साबण घालून धुवावे, पुन्हा स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने धुवावे व शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. रिले, डिस्प्ले यांसारखे पाणी धरणारे भाग आधी काढून घ्यावेत. मग बोर्ड पूर्ण वाळवावा.

यानंतरचे काम मुख्य आहे. लाकूड कुजले असता सुतार जसा निरोगी लाकूड लागेपर्यंत तासतो, तसा काळा झालेला भाग बारीक कोरणीने, फिकट स्वच्छ काचतंतू दिसेपर्यंत कोरून काढावा. कोरताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसास अपायकारक आहे. तोंडाला मास्क व डोळ्यांना चष्मा असावा. ही रीत आमच्या पदरची नव्हे. इलेक्ट्रॉनिक धंद्यातील आय.पी.सी. या संस्थेच्या ७७२१ क्रमांकाच्या मानकातही बिघडलेला भाग काढून तेथे इपॉक्सी भरण्याची रीत सांगितली आहे. मात्र जेथे मोठा दाब असलेल्या दोन रेघा शेजारी आहेत तेथे भोक मोकळे ठेवणेच बरे, कारण हवेची फट स्वतःच वीज अडविते. भागाला आधार हवा असेल तेथेच इपॉक्सी भरावी.

कोळसा राहिला की गेला, हे साध्या मल्टीमीटरने कळत नाही. त्याचा दाब काही व्होल्टच असतो. त्यावर निर्दोष दिसणारी जागा ४५० व्होल्टवर पेट घेऊ शकते. म्हणून त्या दोन रेघांवरील सर्व भाग काढून ५०० व्होल्टच्या मेगरने रोध मोजावा. भाग जागेवर असता मेगर लावल्यास चांगले भागही मरतात, हे विसरू नये.

रेघा व सुटे भाग

तुटलेली रेघ तारेने जोडावी. ५ मिलिमीटर रुंद व ३५ मायक्रॉन जाड रेघेचा छेद ०.१७५ चौरस मिलिमीटर होतो. तेव्हा अर्धा चौरस मिलिमीटरची आवरण असलेली तार तिच्या जागी पुरून उरते. रेघ रुंद वा जाड असेल त्या मानाने तार जाड घ्यावी.

जळालेल्या रेझिस्टरवरचे रंग व आय.सी.वरचे आकडे नाहीसे झालेले असतात. अशा वेळी पुष्कळ कारागीर हात टेकतात. परंतु वाट बोर्डावरच लिहिलेली असते. थ्री-फेज मोटार चालविणाऱ्या कंट्रोलरात तीन फेजचे तीन भाग बहुतेक एकसारखे असतात. एक जळाला तरी शेजारचे दोन शाबूत असतात. त्यांवरून कोणता भाग कोणत्या मापाचा हे वाचून घ्यावे. शक्ती देणाऱ्या ट्रान्झिस्टरांची, म्हणजे आय.जी.बी.टी.ची, परीक्षाही अशीच तुलनेने होते. मल्टीमीटर डायोडवर ठेवून प्रत्येक फेज व डी.सी.ची दोन टोके यांमध्ये मोजावे. एका दिशेने सुमारे ०.३ ते ०.६ व्होल्ट व उलट दिशेने काहीच नाही, असे सहाही ठिकाणी सारखे यावे. एखादे ठिकाण शून्य दाखवील तर तो भाग गेला असे समजावे.

आय.जी.बी.टी. गेला असता त्याच्या गेटचा रेझिस्टर व त्यास चालविणारी आय.सी. ही दोन्ही बदलावीत. नाही तर नवा आय.जी.बी.टी. चालू करताच जातो. कपॅसिटर त्याच वा अधिक व्होल्टचा व १०५ अंशांचा घ्यावा, फ्यूज डी.सी.साठी केलेलाच असावा.

चाचणी

प्रथम फक्त नियंत्रणाचा भाग कमी दाबावर चालवून त्याचे ठराविक व्होल्ट मिळतात काय ते पाहावे. मग मोटार न जोडता मुख्य दाब द्यावा, परंतु वाटेत वरील दोन बल्ब एकापुढे एक जोडून. बल्ब क्षणभर उजळून मंदावले तर कपॅसिटर भरले व सर्व ठीक आहे. ते पेटलेलेच राहिले तर आत शॉर्ट शिल्लक आहे, ताबडतोब बंद करावे. मोटारीचे वेष्टनही मेगरने तपासल्यावाचून तिला जोडू नये. जळालेल्या मोटारीने बोर्ड जाळल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

केव्हा सोडून द्यावा

मुख्य प्रोग्राम असलेली आय.सी. जळाली असेल तर बाजारातून तशीच कोरी आणून उपयोग नाही. तिच्यातील प्रोग्राम कारखान्याकडेच असतो. अनेक थरांचा बोर्ड आतून जळाला असेल, किंवा कोळसा अर्ध्या पाटीवर पसरला असेल, तर नवा बोर्ड घ्यावा. अशा बोर्डातील शाबूत भाग दुसऱ्यास उपयोगी पडतात. उरलेला बोर्ड तांब्यासाठी जाळू नये. तो धूर विषारी असतो. ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत ठिकाणी तो द्यावा.

२०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली तेव्हा पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची यंत्रेही घेतली. सुटे भाग व माहिती मिळण्याची मागणी एकेकट्याने करण्यापेक्षा गावातील सर्व सौर पंपधारकांनी मिळून करावी. तालुक्यातील एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण घेतलेल्या तरुणास मेगर, चांगली इस्त्री व दोन-चार निकामी बोर्ड मिळून दिले, तर पाळी चुकण्याची वेळ पुष्कळांवर येणार नाही.

तोवर दर हंगामाच्या आरंभी आयसोलेटर बंद करून स्क्रू आवळावेत, धूळ झाडावी, तारांची भोके बुजवावीत. या अर्ध्या तासाच्या कामाने जेवढे बोर्ड वाचतील तेवढे कोणत्याही कारागिराच्या हातून वाचणार नाहीत.