वस्तादाची विद्या आणि विद्यापीठाची पदवी

जून महिना उजाडला की बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या घरी महाविद्यालयांची माहितीपत्रके गोळा होऊ लागतात. त्यांत अलीकडच्या काळात एका नव्या विषयाची भर पडली आहे. क्रीडा प्रशिक्षण व क्रीडाविकास हे त्याचे नाव. चिरंजीवांनी अथवा कन्येने त्यावर बोट ठेवले की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : खेळ शिकवायला पदवी कशाला लागते? प्रश्न काहीशा उपहासाने विचारला जात असला, तरी तो उडवून लावण्याजोगा खचित नाही. कोल्हापूरच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या मल्ल घडविणाऱ्या वस्तादांपाशी कोणती पदवी होती? शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाती ज्यांनी आपली मुले सोपविली, त्यांनी काही भिंतीवरची प्रमाणपत्रे पाहून ती सोपविली नव्हती.

असे असूनही पदवीची गरज आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र ती कोणत्या प्रकारची पदवी, हा प्रश्न उरतोच.

खाशाबा जाधवांचे उदाहरण आपण अभिमानाने सांगतो, पण त्यातील एक धडा सहसा सांगत नाही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तोवरची त्यांची सारी कुस्ती तांबड्या मातीत झालेली. मातीवरची कुस्ती चितपटीवर संपते. गादीवरच्या कुस्तीत मिनिटे मोजली जातात आणि गुण धरले जातात. डाव तेच असले तरी हिशेब निराळा. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्या यशात खाशाबांची जिद्द, त्यांच्या मूळच्या वस्तादांची मेहनत आणि गावकऱ्यांची वर्गणी या साऱ्यांचाच वाटा होता. परंतु वस्तादाची विद्या कितीही खोल असली तरी ती त्याने स्वतः अनुभवलेल्या कुस्तीपुरती असते. अनुभवाबाहेरचे काही समोर आले की ती अडते. ही उणीव भरून काढणे हेच विद्यापीठाचे काम होय.

याहून गंभीर बाब शरीराची आहे. कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्यूदो हे वजनगटांचे खेळ. गटात बसण्यासाठी वजन उतरविणे हा त्यांतील नित्याचा भाग. आपल्याकडे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलालाही जेवण तोड, पाणी तोड, अंगावर घोंगडी घेऊन धाव, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो देणारा दुष्ट असतो असे मुळीच नाही. त्यालाही त्याच्या लहानपणी हेच सांगितले गेलेले असते. परंतु अशा रीतीने जे उतरते ते वजन मुख्यतः पाण्याचे असते. शरीराच्या वजनाच्या दोनेक टक्के पाणी घटले तरी दमसास कमी होऊ लागतो. त्यापुढे रक्त दाट होते, घाम आटतो, शरीराची उष्णता बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि हृदय व मूत्रपिंड यांवर भार येतो. १९९७ साली अमेरिकेत सुमारे महिनाभराच्या अवधीत तीन महाविद्यालयीन मल्ल याच प्रकारे दगावले. घाम बाहेर जाऊ न देणारे कपडे चढवून, तापविलेल्या खोलीत ते व्यायाम करीत होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीचे नियम मुळापासून बदलले. रबरी पोशाख व उष्ण खोल्या यांवर बंदी आली; हंगामाच्या आरंभीच शरीरातील पाण्याचे व चरबीचे प्रमाण तपासून प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरविले जाऊ लागले. त्याखालच्या गटात त्याला उतरताच येत नाही.

विनेश फोगट हिची कहाणी वाचकांच्या स्मरणात ताजी असेल. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस येथे ५० किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम वजन अधिक भरल्यामुळे अपात्र ठरली. रात्रभर व्यायाम झाला, घाम काढला गेला, केसही कापले गेले. डॉक्टर, आहारतज्ज्ञ व परदेशी प्रशिक्षक दिमतीला असताना हे घडले, याची साऱ्या देशाने हळहळ केली. मग जेथे यांपैकी कोणीही नाही, त्या तालुक्याच्या स्पर्धेतील मुलाचे काय होत असेल? त्याच्याजवळ असतो तो एकटा प्रशिक्षक. त्याला शरीरशास्त्र ठाऊक असणे ही चैन आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने त्या मुलाच्या आईला विचारून पाहावे.

विद्यापीठात शिकण्याजोगे आणखीही पुष्कळ आहे. १९८५ साली कॅनडातील बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, तेथील बर्फावरच्या हॉकीतील निवडक खेळाडूंत वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा वाजवीपेक्षा फार अधिक आहे. कारण साधे आहे. वयोगटाची तारीख १ जानेवारी असली की जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. त्याच्या थोराडपणालाच आपण गुणवत्ता समजतो. आपल्या शालेय स्पर्धाही चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील अशा गटांतच होतात. संघ निवडताना बाजूला सारलेल्या किरकोळ देहाच्या मुलांत पुढे कोण निघाला असता, हे ज्याने हा विषय अभ्यासला आहे तोच स्वतःला विचारील.

हे शिक्षण आपल्याकडे अगदी नवे आहे असेही नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चे, मद्रासचे वाय.एम.सी.ए. महाविद्यालय १९२०चे, कांदिवलीची प्रशिक्षण संस्था १९३८ची, ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७चे. मात्र या संस्थांचा मुख्य भर शारीरिक शिक्षणाचा शिक्षक तयार करण्यावर राहिला. शिक्षकाने वर्गातील सर्व मुलांना हालते ठेवावयाचे, तर प्रशिक्षकाने एका खेळात एकेकाला वर्षानुवर्षे घडवावयाचे. ही दोन कामे भिन्न आहेत, ही जाण १९६१ साली पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली तेव्हा कोठे रुजली. तेथील पदविका आजही प्रशिक्षकाच्या नोकरीत प्रमाण मानली जाते. मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०१८ साली झाला आणि तेथे क्रीडा प्रशिक्षणाची बी.एस्सी. पदवी दिली जाते. पुण्याच्या बालेवाडी येथील क्रीडा विद्यापीठाचे विधेयक आपल्या विधिमंडळाने २०२० साली संमत केले.

संस्था निघाल्या म्हणजे विद्या आली, असे मानण्याचा भाबडेपणा मात्र आपण करू नये. आपल्या विद्यापीठांची एक जुनी खोड आहे. कोणताही जिवंत विषय ती तीन तासांच्या लेखी परीक्षेत कोंबतात. मुलाच्या धावण्यातील दोष डोळ्यांनी ओळखणे, चिडलेल्या मुलीशी सामन्याच्या मध्यंतरात दोन वाक्ये बोलणे, उद्या विश्रांती द्यावी की घाम गाळून घ्यावा हे ठरविणे, यांच्या टिपणवह्या बाजारात मिळत नाहीत. १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार प्रथम दिले गेले, तेव्हाच्या तिघा मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत आणि पी. टी. उषाचे गुरू ओ. एम. नंबियार होते. नंबियार हे वायुदलातील माजी सैनिक. पतियाळाचे शिक्षणही त्यांनी घेतलेले. मैदान आणि वर्ग यांचा असा संयोग साधावयाचा, तर विद्यापीठांनी जुन्या वस्तादांना सन्मानाने व वेतन देऊन अध्यापनासाठी बोलावले पाहिजे. ‘पदव्युत्तर पदवी नाही’ म्हणून त्यांची फाइल कारकुनाच्या टेबलावरूनच परत जात असेल, तर विद्यापीठ काढण्याचा खटाटोप हवा कशाला?

विद्या आली आणि विवेक आला नाही, तर काय होते, याचा दाखला पूर्व जर्मनीने देऊन ठेवला आहे. लाइपझिग येथे १९५० साली निघालेले क्रीडा महाविद्यालय प्रशिक्षणशास्त्रात जगात नावाजले गेले. त्याच देशात अल्पवयीन जलतरणपटू मुलींना जीवनसत्त्वे म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या चारल्या जात होत्या आणि देणारे प्रशिक्षक अडाणी नव्हते. जर्मनीच्या एकीकरणानंतर त्यांच्यापैकी काहींना न्यायालयात उभे राहावे लागले. म्हणून अभ्यासक्रमात मुलांच्या सुरक्षिततेचा विषय शेवटच्या सत्रातील ऐच्छिक विषय म्हणून असता कामा नये. आपल्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्यावर ती कळविण्याचे बंधन आहे. मुले आईबापांपासून दूर ज्याच्या भरवशावर वसतिगृहात राहतात, त्या प्रशिक्षकाला हे पहिल्याच वर्षी ठाऊक असले पाहिजे.

आता वडीलधाऱ्यांच्या मनातील खरा प्रश्न : नोकरीचे काय? त्यांची शंका रास्त आहे. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेत, शारीरिक शिक्षणाला निदेशक नेमावयास सांगितले. पण तो अंशकालीन. गणिताचा शिक्षक पूर्ण वेळ, खेळाचा अर्धा! पुन्हा शाळेतील कायम जागेसाठी शारीरिक शिक्षणाची, म्हणजे बी.पी.एड.ची पदवी मागितली जाते. प्रशिक्षणाची पदवी तेथे चालत नाही. खेळाडूंसाठी शासकीय सेवेत ५ टक्के जागा राखून ठेवणाऱ्या या राज्याने खेळाडू घडविणाऱ्याच्या जागांचाही तितक्याच आस्थेने विचार करावयास हवा. प्रत्येक तालुक्याला निदान एक पूर्ण वेळ, प्रशिक्षित व कायम प्रशिक्षक, एवढे शासनाने ठरविले तरी या पदवीला अर्थ येईल. मुली आठवी-नववीत खेळ का सोडतात, शाळेचे मैदान लग्नाच्या मांडवांतून कसे सोडवावे, हे क्रीडाविकासाचे प्रश्न हाताळणारा माणूसही मग तालुक्याला मिळेल.

तोवर या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे : आठवड्यातून किती तास मैदानावर काढावे लागतील, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या वयाच्या मुलांबरोबर? माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावर याचे उत्तर बहुधा छापलेले नसते. सकाळी सहाच्या सुमारास त्या संस्थेच्या मैदानावर फेरी मारली की ते मिळते.