आता झोळी आईसाठी!

माझ्या दोन्ही मुलांच्या झोळ्या मीच बांधल्या. माळवदाच्या तुळईला दोर, त्यात जुन्या नऊवारीची झोळी, आणि दोरीचं एक टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. हाताने गवार मोडायची, पायाने झोका द्यायचा. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी हे केलं असेल. पण त्या झोळीत आपणही कधी पडावं, असं मनात आलं होतं का? माझ्या तर नव्हतंच. झोळी बाळाची, आईने फक्त झोका द्यायचा!

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि ट्रेकिंगच्या नादाला लागली. एकदा तिने फोनवर फोटो पाठवला. दोन झाडं, मध्ये केशरी कापडाची झोळी, आणि त्यात आमचं कन्यारत्न! "आई, ह्याला हॅमॉक म्हणतात. ही मैत्रिणीची आहे. विकत घ्यायची तर महाग पडते. तू शिवून देशील?"

मी बावीस वर्षं कराडात घरी ब्लाउज शिवते. फोटो मोठा करून पाहिला आणि हसूच आलं. ही तर आपलीच झोळी! नंतर वाचनात आलं, की 'हॅमॉक' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या 'हमाका' या शब्दावरून आला. १४९२ मध्ये कोलंबस तिथे पोचला, तेव्हा ती माणसं सुती जाळ्यांच्या झोळीत झोपत होती. मेक्सिकोच्या युकातान भागात आणि ब्राझीलमध्ये आजही अनेक घरांतली मोठी माणसं झोळीत झोपतात. म्हणजे झोळी फक्त बाळाची, हे आपणच ठरवलेलं.

त्या रात्री झोप येईना. मनात हिशेब चालू होता. वय अठ्ठेचाळीस. माहेरी झोपले, सासरी झोपले, लग्नाच्या हॉलमध्ये झोपले, दवाखान्यात कुणाच्या तरी खाटेखाली झोपले. पण केवळ स्वतःला वाटलं म्हणून उघड्यावर, झाडाखाली एक रात्र? कधीच नाही.

भिशीतल्या मैत्रिणीला हे बोलून दाखवलं, तर तीच म्हणाली, "मग एक नाही, दोन शिव. दापोलीकडे माझ्या माहेरी मोठी वाडी आहे. भाऊ आहे, वहिनी आहे, गडगा आहे. जानेवारीत जाऊ." मी घरी सांगितलं. हे म्हणाले, "घरात पलंग आहे ना?" म्हटलं, "आहे. म्हणूनच!"

आता खरी गोष्ट सांगते, आणि ती सांगताना अजून कान गरम होतात. माझ्या आईचं एक इरकली लुगडं मी जपून ठेवलं होतं. ती जाऊन नऊ वर्षं झाली. वाटलं, पहिली झोळी आईच्याच लुगड्याची करावी. दुहेरी केलं, दोन्ही टोकांना चुण्या घेऊन सुती दोर बांधला आणि परसातला पेरू ते कडुलिंब अशी छान ताणून बांधली. बाजेसारखी सपाट दिसली पाहिजे ना! मैत्रीण कौतुकाने बघायला आली. "बस ना," मी म्हटलं. ती बसली, पाय उचलले, आणि टर्रर्र! लुगडं मधोमध फाटलं आणि ती धाडकन फरशीवर.

माकडहाडाला मार बसला. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं नव्हतं, पण तीन आठवडे ती उशी घेऊनच बसत होती. रोज डबा घेऊन जायचे मी तिच्याकडे. ती हसून बोलायची, पण झोळीचा विषय निघाला की गप्प व्हायची. आईचं लुगडंही गेलं, मैत्रिणीचा विश्वासही गेला. आधी मी का नाही बसले त्यात? हा प्रश्न काही पाठ सोडेना.

ऐंशीच्या घरातल्या सासूबाईंनी फाटलेलं लुगडं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, "अगं, जुनेर ते. जुनेराची गोधडी करायची असती. त्यावर माणूस टांगायचा नसतो. लेकरू असतं आठ-दहा किलोचं, तुम्ही बाया केवढ्या!"

राहिलेलं कारण मुलाने सांगितलं. तो डिप्लोमाला आहे. वहीवर आकृती काढून म्हणाला, "आई, तू झोळी ताणून बांधलीस तिथेच चुकलं. दोर आडवा होईल तसा त्याच्यावरचा ताण वाढतो." दोर जमिनीच्या रेषेपासून तीस अंश उतरता असेल, तर ६५ किलोच्या बाईला दोन्हीकडच्या प्रत्येक दोरावर ६५ किलोचा ताण येतो. तोच दोर दहा अंशांवर आणला, तर प्रत्येकावर १८५ किलोच्या पुढे! म्हणजे जवळजवळ तिप्पट. कपडे वाळत घालायच्या दोरीला ओला टॉवेल टाकल्यावर खुंटी का उपटते, ते मला त्या दिवशी कळलं.

मग तीस अंश ओळखायचे कसे? अगदी सोपं. दोन हात दोर, तर एक हात उतार. झाडापासून झोळीच्या टोकापर्यंत दोर दोन फूट असेल, तर झोळीचं टोक दोर बांधलेल्या जागेपेक्षा एक फूट खाली हवं. बास. झोळी चंद्रकोरीसारखीच दिसली पाहिजे, बाजेसारखी नाही.

महिनाभर मी मशीनला हात लावला नाही. मग एक दिवस उठले आणि बाजारात गेले. दुकानदाराला पॅराशूट कापड मागितलं. तो म्हणाला, "गाडीचं कव्हर का, काकू?" मी म्हटलं, "नाही, माझं!" बिचारा बघतच राहिला. हे कापड दोन्ही हातांत धरून जोराने ओढून बघायचं. वीण सरकली, की ते परत ठेवायचं. आतून प्लॅस्टिकचा थर असलेलंही नको, पाठीला घाम येतो. पन्ह्याला पाच फुटांच्या आसपास असलेलं साडेतीन मीटर घेतलं.

शिवण तशी ब्लाउजपेक्षा सोपी. लांबीच्या दोन्ही कडा दुहेरी दुमडून टीप मारायची. रुंदीच्या दोन्ही टोकांना दोन इंच दुमडून, परकराच्या नेफ्यासारखा नेफा करायचा. तिथे एका टिपेवर भागत नाही, शेजारी शेजारी तीन टिपा हव्यात. दोरा पॉलिस्टरचा, सुती नको. सुई सोळा नंबरची. आणि टाका मोठा ठेवायचा. आपल्याला बारीक टाक्याची सवय, पण बारीक टाक्याने कापडाला ओळीने भोकं पडतात आणि पोस्टाच्या तिकिटासारखं ते तिथेच फाटतं. नेफ्यातून मजबूत दोर ओवायचा, चुण्या गच्च आवळायच्या आणि दोराचा फास करायचा.

झोळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून एक बारीक, न ताणणारी दोरी बांधली, की झोल प्रत्येक वेळी सारखाच येतो. ही दोरी झोळीच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के ठेवतात. माझी झोळी शिवून ३.४ मीटर झाली, म्हणून ही दोरी २.८ मीटर. चष्मा आणि टॉर्च अडकवायलाही हिचा फार उपयोग होतो.

झाडाला मात्र बारीक दोर बांधायचा नाही. साल कापली जाते, आणि झाडालाही जीव आहे. दप्तरं शिवणाऱ्याकडून मी पॉलिस्टरचा रुंद पट्टा आणला. नायलॉनचा पट्टा वजनाने ताणतो आणि पहाटेपर्यंत आपण जमिनीला टेकतो.

ह्या खेपेला आधी कुणालाच बसवलं नाही. खाली गादी टाकली आणि झोळीत ५० किलोचं तांदळाचं पोतं ठेवलं. रात्रभर. सकाळी टिपा तपासल्या, नेफा तपासला. मग मी बसले. खुर्चीच्या उंचीवर, पाय जमिनीला टेकवून, हळूहळू. मग आडवी झाले. मग चक्क हलले, डुलले! काही झालं नाही.

आणि आईचं लुगडं? सासूबाईंनी सांगितलं तसंच झालं. त्या काठाला बसल्या, मी मधे बसले, आणि आम्ही दोघींनी त्याची गोधडी घातली.

जानेवारीत कराडहून एसटीने निघालो. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पुढे खेड, दापोली. मैत्रीण आली होती, पण "मी आत घरात झोपेन, तू झोप बाहेर," असं वाटेतच सांगून टाकलं तिने. मी काही बोलले नाही. कोणत्या तोंडाने बोलणार?

तिच्या वहिनींनी आधीच नियम सांगितले. "हापूसच्या कलमांना हात लावायचा नाही, मोहोर आलाय." माडाखाली तर अजिबात नाही. नारळ किंवा झावळ डोक्यात पडली, तर झोप कायमचीच! पोफळ बारीक, शेवगा ठिसूळ. शेवटी घरामागचा जुना फणस आणि रायवळ आंबा मिळाला. वर वाळकी फांदी नाही ना, खोडावर मुंग्यांची रांग नाही ना, ते बघून घेतलं. वाडी घरची होती आणि माणसं हाकेवर होती, हे महत्त्वाचं. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय आणि बिबट्याचा वावर असलेल्या ठिकाणी असला हट्ट करू नये.

वर ताडपत्री बांधली. पाऊस नव्हता, पण दहिवर पडतं. पावसाळ्यात पाणी झाडावरून पट्ट्याच्या कडेने ओघळत थेट झोळीत येतं. त्यावर उपाय म्हणजे पट्ट्याला झोळीच्या अलीकडे सुतळीचा एक तुकडा बांधून लोंबता सोडायचा. पाणी तिथून टपकून जातं. डास तर खालूनही कापडातून चावतात, म्हणून जुनी मच्छरदाणी पिशवीसारखी शिवून झोळीला सगळीकडून चढवली होती.

सर्वात मोठी गंमत थंडीची. झोळीत कितीही पांघरुणं अंगाखाली घेतली, तरी पाठ गार पडते. आपल्या वजनाने पांघरूण चेपतं, त्यातली हवा जाते आणि खालून वारा लागतो. म्हणून ऊब झोळीच्या आत नाही, झोळीच्या खाली बाहेरून टांगायची, चेपणार नाही अशी. परदेशात ह्यासाठी खास रजया मिळतात म्हणे. मी आईची गोधडी चार कोपऱ्यांना नाड्या लावून नेली होती. ती खालून बांधली.

आत शिरले आणि केळ्यासारखी वाकून पडले. वहिनी हसायला लागल्या. मग युक्ती आठवली. सरळ झोपायचं नाही, तिरकं झोपायचं. डोकं जरा डावीकडे, पाय उजवीकडे. कापड आपोआप सपाट होतं आणि कंबर सुटते. चपला खाली ठेवल्या नाहीत, पिशवीत घालून वर अडकवल्या. रात्री उठावं लागलं, तर चपलेत विंचू नको. बायकांना रात्री उठावं लागतंच, त्यात लाजायचं काय?

दहा-पंधरा मिनिटं मी तशीच डुलत राहिले. मैत्रीण पडवीतून बघत होती. मग हळूच आली. म्हणाली, "पोतं ठेवून बघितलंस म्हणालीस ना?"

"एक रात्र. पन्नास किलोचं."

"आणि माझी दुसरी झोळी?"

"तिच्यातही. आणि पोत्यानंतर मी."

ती काही बोलली नाही. मी उठले, तिची झोळी फणस आणि शेजारच्या जांभळीला बांधली. उतार दोनदा मोजला. तिने माझा हात घट्ट धरला, खाली बघितलं, आणि बसली. हात सोडायला तिला बराच वेळ लागला. मीही घाई केली नाही.

रात्री समुद्राची गाज ऐकू येत होती. कुठेतरी घुबड बोललं. भीती वाटली का? वाटली की! दोनदा टॉर्च लावला. पण पाठीला आईची गोधडी होती आणि चार हातांवर मैत्रीण घोरत होती. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी बारा जणांना डुलणाऱ्या पलंगावर दुपारी झोपवून बघितलं, तेव्हा त्यांना लवकर झोप लागली. बाराही जण पुरुष होते बरं का! आता बायकांवर प्रयोग करायचा असेल, तर मैत्रिणीचं नाव मी सुचवेन. सकाळी वहिनी चहा घेऊन आल्या, उन्हं अंगावर आली, तरी ही गाढ झोपेत.

आता भिशीतल्या चौघींनी झोळी शिवून मागितली आहे. मुलीची तर केव्हाच पोचली. प्रत्येकीला मी एकच अट घालते. आधी तांदळाचं पोतं, मग मी, मग तुम्ही. मागच्या आठवड्यात सोप्यातल्या झोपाळ्याच्या कड्यांना एक बांधून बघत होते, तर सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पोतं झालं का ठेवून?"

म्हटलं, "झालं."

"मग धर मला."