बरं करणाऱ्यानं लढावं कसं?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला मंडळी टेबलाभोवती बसली की योद्धा व्हायला दोघं-तिघं पुढे सरसावतात, जादूगारही लगेच मिळतो. क्लेरिक, म्हणजे बरं करणारा पुरोहित, मात्र बहुतेकदा मागे राहिलेल्याच्या गळ्यात पडतो. ‘तू फक्त आम्हाला बरं करत राहा,’ एवढंच त्याला सांगितलं जातं. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. एका चांगल्या पात्राचं त्यानं नुकसान होतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला, तेव्हा त्यात पात्रांचे मुख्य वर्ग तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. त्यातला क्लेरिक जन्मला आर्नसनच्या ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक जगात, डोईजड झालेल्या एका व्हॅम्पायरला आवर घालण्यासाठी. चिलखत घालून, गदा घेऊन पुढे उभा राहणारा हा गडी. त्या नियमांत पहिल्या पातळीच्या क्लेरिकला एकही मंत्र मिळत नसे.

आता खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा हिशोब पाहू. ओगर हा राक्षस एका फटक्यात सरासरी १३ हिट पॉइंट (पात्राची जीवनशक्ती) घेतो. २०१४च्या नियमांत बरं करणारा ‘क्युअर वून्ड्स’ मंत्र म्हणजे आठ बाजूंचा एक फासा अधिक साधारण तीन, सरासरी साडेसात. २०२४च्या सुधारित नियमांत फासे दोन झाले, तरी सरासरी बाराच. म्हणजे आख्खी पाळी आणि एक स्लॉट (मंत्र टाकण्याची संधी) खर्चूनही आपण ओगरच्या मागेच. पहिल्या पातळीवर असे स्लॉट दिवसाला दोनच! उच्च पातळीवर ‘हील’ हा मंत्र एकदम ७० पॉइंट देतो, तिथे गणित बदलतं. पण तिथवर पोचायला अकरावी पातळी गाठावी लागते.

शिवाय हिट पॉइंट शून्याखाली मोजले जात नाहीत. एरवी लढाईत पडलेला सोबती एका पॉइंटावरही उठून पूर्ण ताकदीनं लढतो. म्हणून ‘हीलिंग वर्ड’ हा बरं करणारा मंत्र हवाच हवा: साठ फुटांवरून चालतो आणि बोनस अ‍ॅक्शनमध्ये होतो. फक्त पाळ्यांचा क्रम बघावा. पडलेल्या सोबत्याची पाळी शत्रूच्या आधी येणार असेल, तर सोबत्याचा वार वाया जात नाही. त्याला पडलेलंच ठेवणंही धोक्याचंच. जवळून वार बसला तर मृत्यूच्या फाशांतली तीनपैकी दोन अपयशं एकदम जमा होतात.

‘हीलिंग वर्ड’ टाकलेल्या पाळीत दुसरा स्लॉट वापरता येत नाही, पण अ‍ॅक्शन शिल्लक असते. तिच्यासाठी कॅन्ट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारा मंत्र, विचारपूर्वक घ्यावं. ‘सेक्रेड फ्लेम’पासून शत्रूला आडोसा वाचवत नाही. ‘टोल द डेड’ आधीच जखमी झालेल्यावर बारा बाजूंचा फासा टाकू देतो.

खरी निवड मात्र कॉन्सन्ट्रेशनची, म्हणजे लक्ष केंद्रित करून टिकवायच्या मंत्राची. एका वेळी असा एकच मंत्र टिकवता येतो, त्यामुळे मंत्रांची यादी त्याच्याभोवती बांधावी. सुरुवातीला ‘ब्लेस’: तिघांच्या प्रत्येक हल्ल्यात आणि बचावात चार बाजूंच्या फाशाची भर, म्हणजे सरासरी अडीच. वीस बाजूंच्या फाशावर हे बारा-साडेबारा टक्के झाले. दिसायला किरकोळ, पण शत्रू लवकर पडला की जखमाच कमी होतात. पाचव्या पातळीला ‘स्पिरिट गार्डियन्स’ येतो: भोवतालच्या पंधरा फुटांतल्या शत्रूंना सरासरी साडेतेरा, बचाव साधला तर निम्मे. घोळक्यात घुसायची तयारी मात्र हवी. घाव बसला की कॉन्सन्ट्रेशन तुटण्याची भीती, म्हणून ढाल, जड चिलखत आणि ‘वॉर कास्टर’ हे कौशल्य यांना मी बरं करण्याच्या जास्तीच्या मंत्रांपेक्षा वरचं स्थान देईन. २०१४च्या नियमांत ‘स्पिरिट गार्डियन्स’च्या जोडीला ‘स्पिरिच्युअल वेपन’ चालवता येई. २०२४मध्ये त्यालाही कॉन्सन्ट्रेशन लागू झालं आणि ती जोडी फुटली. जुनी यादी तशीच उतरवू नये.

यादी ठरवण्याआधी सोबत्यांशी बोलावं. बार्ड किंवा ड्रुइड ‘हीलिंग वर्ड’ घेऊ शकतात, ‘ब्लेस’ पॅलडिनच्याही यादीत असतो. त्यांनी ती जबाबदारी घेतली, तर क्लेरिकला ‘गायडिंग बोल्ट’ या हल्ल्याच्या मंत्रासाठी जागा मिळते. निवड चुकली तरी रात्रीच्या मुक्कामानंतर क्लेरिकला तयार मंत्र बदलता येतात.